बोखुमची आगगाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रॉक म्युझिकल पाहायचं तर लंडनच्या वेस्ट एंडला किंवा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला जायला हवं, असं आपण धरूनच चालतो. ते फारसं चुकीचंही नाही. तिथल्या थिएटरांत रोज रात्री जे लोक बसलेले असतात, त्यांतले पुष्कळसे त्या शहरात राहणारे नसतातच. दिवसा राजवाडा, म्युझियम, नदीवरचा पूल पाहायचा आणि रात्री एक म्युझिकल, असा त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. आजचे पाहुणे उद्या निघून जातात, परवा नवे येतात. म्हणूनच तिथे एकेक प्रयोग वीस-वीस वर्षं चालू शकतो.

पण ज्या गावाला कुणी सहलीला जातच नाही, तिथे असा खेळ लावायचा म्हटलं तर? तिथे पाहुण्यांची नवी तुकडी कुठून येणार?

या प्रश्नाचं एक चालतं-बोलतं, किंबहुना धावतं उत्तर जर्मनीत आहे. गावाचं नाव बोखुम. रूर नदीच्या परिसरातलं, कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेलं हे शहर. वस्ती चार लाखांच्या आत. जर्मनीला जाणारे आपले लोक म्युनिक पाहतात, बर्लिन पाहतात, हायडेलबर्गचा किल्ला पाहतात. बोखुमला उतरतो तो बहुधा तिथल्या विद्यापीठात शिकायला आलेला विद्यार्थी. आपल्याकडे मुंबई पाहायला आलेला पाहुणा पिंपरी-चिंचवडला मुक्काम टाकत नाही, तसंच काहीसं. अशा गावात १२ जून १९८८ रोजी 'स्टारलाइट एक्सप्रेस' या म्युझिकलचा पहिला प्रयोग झाला आणि तो खेळ आजही त्याच इमारतीत चालू आहे. १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला आहे. एकाच थिएटरात एखादं म्युझिकल इतक्या लोकांनी पाहिल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

रॉक म्युझिकल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. आपल्या संगीत नाटकात पेटी-तबल्याच्या साथीनं पदं येतात. इथे गिटार, ड्रम आणि सिंथेसायझर यांच्या दणक्यावर गोष्ट पुढे सरकते. संवाद कमी, गाणी जास्त. आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. अलीक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं होतं. त्यात जुडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली आणि पुढे १९७८ मध्ये तेच भेंडे 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी रंगभूमीवर आले. त्या 'सुपरस्टार'चे संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर. 'स्टारलाइट एक्सप्रेस'चं संगीतही त्यांचंच.

गोष्ट मुलांच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. एक लहान मुलगा झोपेत आपल्या खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत पाहतो. इंजिनं म्हणजे माणसंच. डिझेलचं इंजिन ग्रीझबॉल, धष्टपुष्ट आणि बढाईखोर. विजेचं इंजिन इलेक्ट्रा, चकचकीत आणि शिष्ट. आणि या दोघांपुढे रस्टी, म्हणजे गंजक्या, हे वाफेचं जुनं इंजिन. त्याला पर्ल नावाचा पहिल्या वर्गाचा डबा आवडतो. शेवटी कोण जिंकतं हे मी सांगायला नकोच. मूळ कल्पना १९७० च्या दशकातली आहे. लॉइड वेबर यांना रेव्हरंड ऑड्री यांच्या 'थॉमस' या इंजिनाच्या गोष्टींवर व्यंगचित्रपट करायचा होता. ते जमलं नाही आणि त्यातून हे निघालं.

खरी गंमत बसवण्यात आहे. गाड्या धावतात म्हणजे नट धावतात, तेही पायांत चाकांचे बूट घालून. दिग्दर्शक ट्रेव्हर नन, नेपथ्यकार जॉन नेपियर आणि नृत्यं बसवणाऱ्या आर्लीन फिलिप्स यांनी २७ मार्च १९८४ रोजी लंडनच्या अपोलो व्हिक्टोरिया थिएटरात हा खेळ उभा केला, तेव्हा स्केटिंगचा मार्ग रंगमंचावरून निघून थेट प्रेक्षकांमधून फिरवला होता. त्यासाठी थिएटर आतून उकलून पुन्हा बांधावं लागलं. लंडनमध्ये खेळ जवळजवळ १८ वर्षं चालला आणि जानेवारी २००२ मध्ये थांबला. जाता जाता एक आपल्या जवळची गोष्ट सांगतो. 'स्टारलाइट'नं रिकाम्या केलेल्या त्याच थिएटरात त्याच वर्षी जूनमध्ये 'बॉम्बे ड्रीम्स' आलं. संगीत ए. आर. रहमान यांचं, निर्माते पुन्हा लॉइड वेबरच.

न्यूयॉर्कला मात्र गाडी रुळावरून घसरली. मार्च १९८७ मध्ये तिथे ती मोठ्या थाटामाटात, त्या वेळच्या ब्रॉडवेवर कधी झाला नव्हता एवढा खर्च करून सुरू झाली आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, जानेवारी १९८९ मध्ये, ७६१ प्रयोगांनंतर बंद पडली. लाखो प्रवाशांच्या शहरात ती टिकली नाही आणि सहलीचा नकाशाही ज्याला ओळखत नाही त्या गावात चालली. का, ते पाहण्यासारखं आहे.

फ्रीड्रिश कुर्त्स नावाच्या निर्मात्यानं १९८६ मध्ये हँबुर्गला 'कॅट्स' आणलं. जर्मनीत नाटक म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारं, आलटून-पालटून वेगवेगळे खेळ लावणारं नगर-नाट्यगृह, अशी जुनी रीत. एकाच नाटकाचे रोज प्रयोग करायचे, तेही तिकिटाच्या पैशांवर, ही कल्पना तिथे नवी होती. 'कॅट्स' चाललं, पण हँबुर्ग हे बंदराचं, पाहुण्यांचं शहर. कुर्त्स यांचं पुढचं पाऊल धाडसाचं होतं. 'स्टारलाइट'साठी त्यांनी बोखुम निवडलं.

बोखुमला नाटक नवं नव्हतं. तिथलं नाट्यगृह जर्मन रंगभूमीवरचं मानाचं ठिकाण आहे. १९७० च्या दशकात पेटर त्साडेक आणि त्यांच्यानंतर १९८६ पर्यंत क्लाउस पायमान हे दिग्दर्शक तिथे होते. शेक्सपिअर कसा करावा यावर तिथे भांडणं व्हायची. अशा गावात चाकांवर धावणारे, अंगावर लोखंडी वाटावेत असे पोशाख चढवलेले नट येणार म्हटल्यावर रसिकांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. पण गावाला तेव्हा दुसरीही एक गरज होती. शहरातली शेवटची कोळसा खाण, 'हानोफर', १९७३ मध्ये बंद झाली होती. पोलादाला उतार लागला होता. जे गाव शंभर वर्षं धुरानं ओळखलं गेलं, त्याला काहीतरी वेगळं नाव हवं होतं.

मग फुटबॉलच्या स्टेडियमला लागून, वर्षभराच्या आत, एक नवीकोरी इमारत उभी राहिली. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जुन्या थिएटरात खेळ बसवताना भिंती, खांब, बाल्कनी यांच्याशी तडजोड करावी लागते. इथे आधी धावण्याचा मार्ग आखला आणि मग त्याच्याभोवती इमारत बांधली. प्रेक्षक मध्ये आणि शर्यत त्यांच्या भोवती, वरखाली, पाठीमागून. सुमारे सतराशे खुर्च्यांचं हे सभागृह या एका खेळासाठीच आहे. दुसरं काही तिथे धड लावताच येणार नाही. हा खेळही उचलून भलत्याच सभागृहात जसाच्या तसा नेता येणार नाही.

आपल्याकडची रीत याच्या नेमकी उलट. आपली नाटक कंपनी बसच्या टपावर नेपथ्य बांधते आणि सांगलीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून बेळगाव अशी प्रेक्षकांच्या दारी जाते. म्हणून आपलं नेपथ्य घडीचं आणि हलकं. बोखुमला नाटक जागेवरून हलत नाही, प्रेक्षक बसमध्ये बसून येतात. ही बस त्या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे.

हिशेब करून पाहू. शनिवार-रविवारी दोन-दोन आणि आठवड्यात आणखी तीन, असे सात प्रयोग धरले तर आठवड्याला जवळजवळ १२ हजार खुर्च्या भरायच्या. तान्ह्या बाळांपासून आजी-आजोबांपर्यंत बोखुमची सगळी माणसं एकेकदा येऊन गेली असती, तरी आठ महिन्यांत गाव संपलं असतं. गावाच्या जिवावर हा खेळ वर्षभरही चालला नसता.

पण बोखुम एकटं नाही. एका बाजूला एसेन, दुसऱ्या बाजूला डॉर्टमुंड, दोन्ही वीस किलोमीटरच्या आसपास. मध्ये शेतं लागतात न लागतात तोच दुसरं शहर सुरू होतं. या सगळ्या रूर परिसराची वस्ती ५० लाख. ड्युसेलडॉर्फ, कोलोन हेही तास-सव्वा तासाच्या टप्प्यात. ज्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात हे येतं, त्याची लोकसंख्या पावणेदोन ते पावणेदोन कोटींच्या थोडी वर. म्हणजे बोखुमला म्युझिकल पाहून गेलेल्यांचा आकडा आज त्या अख्ख्या राज्याच्या वस्तीएवढा भरतो. मोठा हमरस्ता इमारतीपासून जवळ आणि वाहनतळ स्टेडियमपाशी. दुपारचा प्रयोग पाहून रात्री आपल्या अंथरुणावर झोपता येतं. शाळेची सहल, कारखान्याचा वार्षिक मेळावा, आजीचा साठावा वाढदिवस, फुटबॉल क्लबची ट्रिप, असे लोक इथे येतात. त्यांना हॉटेल नको, राजवाडा नको. पर्यटनाचं शहर नसण्याचा इथे उलट फायदा झाला. हॉटेलचा खर्च वाचला, तो तिकिटाला लावता आला.

आणि हे लोक शेजारी असल्यामुळे पुन्हा येतात. दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर पाहिलेला खेळ पस्तिसाव्या वर्षी आपल्या मुलांना दाखवायला आणणारे तिथे आहेत. लंडनच्या पाहुण्याला अशी दुसरी खेप सहसा घडत नाही. त्यामुळे बोखुमला खेळ सतत ताजा ठेवावा लागला. गाणी बदलली, काही गेली, नवी आली. २०१८ मध्ये, तिसाव्या वर्षी, तर लॉइड वेबर यांनी स्वतः लक्ष घालून मोठी दुरुस्ती केली. रस्टीला धीर देणारा म्हातारा इंजिन-बाप होता, त्याच्या जागी आई आली. एकेकाळच्या डब्यांचं काम नुसतं नटणं-मुरडणं आणि इंजिनाची वाट पाहणं एवढंच होतं, तेही बदलावं लागलं. आजच्या मुलींना ते रुचलं नसतं, हे उघड आहे.

आता जरा पडद्यामागे जाऊ, कारण या खेळाची खरी कसोटी तिथे आहे. गायला येतं, नाचायला येतं आणि चाकांवर सफाईनं पळता येतं, असा माणूस आयता मिळत नाही. मग गाणारा-नाचणारा निवडायचा आणि त्याला स्केटिंग शिकवायचं. आधी पडायचं कसं ते शिकवतात, मग थांबायचं कसं, मग पळायचं कसं. उतारावरून खाली येताना वेग सायकलला मागे टाकेल इतका होतो. अंगावर कित्येक किलोंचा पोशाख, डोक्यावर हेल्मेट, गालाला चिकटलेला माइक, आणि धाप लागलेली असताना सूर लावायचा. चाकं, बेअरिंग, ब्रेक यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ विंगेत सज्ज असतात. आपल्याकडे जशी कपडेपटाची माणसं, तशी तिथे चाकांची. एखाद्याचा पाय मुरगळला तर त्याच रात्री उभे राहतील असे बदली नट तयार ठेवावे लागतात आणि त्यांतल्या एकेकाला चार-पाच भूमिका पाठ असतात. प्रत्येक भूमिकेचा धावण्याचा रस्ता वेगळा. रस्ता चुकला तर समोरून येणाऱ्याशी टक्कर. वाद्यवृंद प्रेक्षकांना दिसत नाही. संगीत दिग्दर्शकाचा हात नटांना दिसतो तो जागोजागी बसवलेल्या टीव्हीच्या पडद्यांवर. प्रेक्षकाकडे पाहून गाणारा नट बऱ्याचदा खरं तर त्याच्या डोक्यावरचा पडदा पाहत असतो.

एवढी माणसं एका शहरात मिळणं शक्यच नाही. त्यामुळे इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतून कलाकार येतात, वर्ष-दोन वर्षं बोखुमला राहतात आणि जातात. प्रयोग जर्मन भाषेत. त्यांतल्या अनेकांना येताना जर्मनचा गंधही नसतो. कानानं ऐकून, उच्चार घोटून गाणी पाठ करतात. जाणकार त्यांच्या उच्चारांना नावं ठेवतात, आणि ती काही वेळा योग्यही असतात. पण इंजिनानं शुद्ध बोलावं अशी अपेक्षा मुलं करत नाहीत.

गावाशी या गोष्टीचं नातं असं काही जुळलं की ते आधी ठरवलं होतं असं वाटावं. लंडनच्या मूळ संहितेतच इलेक्ट्राच्या ताफ्यात शस्त्रास्त्रांचा एक डबा आहे, त्याचं नाव क्रुप. क्रुप म्हणजे शेजारच्या एसेनचं तोफा आणि पोलाद बनवणारं घराणं. बोखुमच्या प्रयोगात जर्मनीचं इंजिन आहे त्याचं नाव रूरगोल्ड, रूरचं सोनं. खाणकामगारांच्या मुलानातवंडांना हे सोनं कोणतं ते सांगावं लागत नाही. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेनं वाफेची इंजिनं १९७७ च्या ऑक्टोबरात कायमची बंद केली. म्हणजे बोखुमचा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्या घटनेला जेमतेम ११ वर्षं झाली होती. वाफेची जुनी इंजिनं जपणारं एक मोठं रेल्वे संग्रहालय बोखुमच्याच डालहाउझन भागात आहे. वाफेवर चालणारं म्हणजे कोळशावर चालणारं इंजिन डिझेलला आणि विजेला हरवतं, ही लंडनमध्ये परीकथा होती. कोळसा गेलेल्या गावात ती पाहताना लोकांच्या मनात आणखी काही चाललेलं असणार.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की कोणत्याही कामगार-नगरीत थिएटर बांधा, बसगाड्या येतील. असं वाटणारे तेव्हाही होते. १९९० च्या दशकात जर्मनीत म्युझिकलच्या इमारतींचं पीकच आलं. बोखुमपासून तासाभराच्या आत असलेल्या ड्युइसबुर्गला १९९६ मध्ये 'ले मिझराब्ल'साठी नवं थिएटर बांधलं. ते म्युझिकल १९९९ मध्ये बंद झालं. एसेनला क्रुपच्या जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये देखणं थिएटर केलं, तिथला पहिला खेळही तीन वर्षांतच उतरला. ओबरहाउझनचं तसंच. फ्रँकफर्टजवळच्या नीडर्नहाउझन नावाच्या खेडेवजा गावात 'सनसेट बुलेव्हार्ड'साठी १९९५ मध्ये थिएटर उघडलं, ते १९९८ मध्ये ओस पडलं. एकाच पट्ट्यातल्या त्याच ५० लाख लोकांना इतकी तिकिटं विकायला काढली, की कुणाचीच पुरेशी खपेनात. शिवाय 'ले मिझराब्ल' लंडनला पाहता येतं, ते ड्युइसबुर्गला वेगळं काय दिसणार? बोखुमचा खेळ बोखुमलाच दिसतो. बाहेरगावी थिएटर काढणाऱ्यानं ही एक गोष्ट विसरली, तर बाकी सगळा हिशेब बरोबर असूनही तो बुडतो, असं माझं मत आहे.

जर्मनीत अशी बरीच थिएटरं चालवणारी 'स्टेला' कंपनीही त्याच दशकाच्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. बोखुमच्या खेळाचे मालक त्यानंतर बदलत गेले. गाड्या धावत राहिल्या. थांबल्या त्या २०२० मध्ये करोनाच्या साथीत. इतका दीर्घ खंड पहिल्या दिवसापासून कधी पडला नव्हता. महिने गेले, रंगमंच रिकामा राहिला, मग खेळ पुन्हा सुरू झाला.

त्यानं बोखुमचं सगळं दुःख भरून काढलं, असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. २००८ मध्ये नोकियानं तिथला कारखाना बंद करून काम रुमानियाला नेलं, सुमारे २,३०० माणसांचं काम गेलं. १९६२ पासून मोटारी बनवणारा ओपेलचा कारखाना २०१४ च्या डिसेंबरात बंद झाला. म्युझिकल काही शे माणसांना पगार देतं, हॉटेल-उपाहारगृहांना गिऱ्हाईक देतं, टॅक्सीवाल्यांना भाडी देतं. मोटारीच्या कारखान्याची जागा ते घेऊ शकत नाही आणि तसा दावाही कुणी करू नये. पण 'बोखुम? ते कुठे आलं?' असं विचारणाऱ्या जर्मन माणसाला आता पहिल्यांदा धूर आठवत नाही, चाकांचे बूट आठवतात. २०१८ च्या डिसेंबरात शेजारच्या बॉट्रॉपला रूरमधली शेवटची कोळसा खाण बंद झाली. त्याच वर्षी इथे नव्यानं बांधलेला रस्टी रोज संध्याकाळी शर्यत जिंकत होता.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाची त्या बाजूला शिकत असेल आणि तुमचं जाणं झालं, तर बोखुमच्या मुख्य स्टेशनवरून स्टेडियमकडे ट्राम जाते. काही मिनिटांचाच रस्ता आहे. भाषा येत नाही म्हणून अडायचं कारण नाही, गोष्ट डोळ्यांना कळते. तिकीट काढताना मात्र धावण्याच्या मार्गालगतची खुर्ची मागा. थोडी महाग पडते, पण गाडी कानाशी वारा घालत जाते ती तिथेच.